धरणावर आणि नदीवर कॅमेरा ड्रोन सुरक्षित कसा उडवावा

नाशिकला पाण्याची वाण नाही. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरण, त्याच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी गोदावरी, इगतपुरीकडे दारणा, मुकणे, भावली आणि वैतरणा, पूर्वेला निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर, आणि भर वस्तीतून वाहणारी गोदावरी. इतके पाणी जवळ असल्यावर हाती नवा ड्रोन आलेल्या माणसाला पहिले चित्रण पाण्याचेच करावेसे वाटते. मात्र जमिनीवर काही बिघडले तर ड्रोन गवतात किंवा ढेकळांत उतरवून वाचवता येतो, तशी सोय पाण्यावर नसते. शिवाय ज्या सेन्सरांच्या भरवशावर तो हवेत एका जागी उभा राहतो, त्यांपैकी काही पाण्यावर चुकीची माहिती देतात. त्यामुळे किती उंचीवर उडायचे, परत कोठे यायचे आणि किती बॅटरी उरली की फिरायचे हे तीन निर्णय काठावर उभे असतानाच झालेले असावेत.

जागा आणि परवानगी

ड्रोन नियमावली 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो गटात आणि त्याहून जड पण 2 किलोपर्यंतचे मायक्रो गटात येतात. हौशी छायाचित्रकारांकडचे बहुतेक ड्रोन या दोन गटांतच बसतात. ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे ही नियमावलीतील मूळ अट आहे. बिगरव्यावसायिक वापरासाठी या दोन्ही गटांना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण लग्नाआधीचे चित्रण किंवा एखाद्या रिसॉर्टची जाहिरात पैसे घेऊन करायची असेल, तर मायक्रो ड्रोनची ही सवलत संपते. नॅनो सोडून इतर गटांना त्रयस्थ पक्षाचा विमाही बंधनकारक आहे.

हवाई क्षेत्राची विभागणी हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन पट्ट्यांत केलेली आहे. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा 200 फुटांवर येते. पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. नाशिककरांनी हा भाग वरवर वाचून सोडू नये, कारण ओझरला विमानतळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि हवाई दलाचे दुरुस्ती केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण आणि गोळीबाराचे मैदान आहे, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवले जाते, नाशिकरोडला नोटा छापल्या जातात आणि एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. शहरातील गोदाकाठ आणि दारणेचा बराचसा परिसर यांच्या आसपास येतो. म्हणून सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा आदल्या दिवशी एकदा आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावा. ड्रोन कंपनीच्या ॲपमध्ये जागा मोकळी दिसते एवढ्यावर निभावून नेऊ नये, कारण ॲपचा नकाशा आणि सरकारी नकाशा एकच असतील याची खात्री नसते. शिवाय पोलिस आयुक्तालय वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढते. 2026-27 च्या सिंहस्थात रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर या भागात तर खासगी ड्रोन घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

धरणे जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा यांचे चित्रण हा सुरक्षेचा विषय मानला जातो. तसे चित्रण खरोखरच हवे असेल तर विभागाकडे आणि पोलिसांकडे लेखी अर्ज करावा. नसेल तर भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या वरच्या अंगाला जावे. माझ्या मते चित्रही तिकडेच जास्त चांगले मिळते, कारण तेथे पाण्यात शिरलेले भूशिरांचे आकार आणि उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेराची जमीन असते. गाळपेर चालू असेल तर शेतात माणसे असतात, त्यांना आधी सांगून मगच त्यांच्या बाजूला उड्डाण करावे.

नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले. वन विभागाच्या परवानगीशिवाय तेथे ड्रोन उडवू नये. थंडीत तेथे स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात आणि ड्रोनच्या आवाजाने एक थवा उठला की त्याच्यामागे अख्खा जलाशय उठतो. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्यांची शक्ती अशी वाया घालवणे हे परवानगीचा कागद हाती असला तरी योग्य नाही.

पाणी ड्रोनला कसे फसवते

बहुतेक कॅमेरा ड्रोनच्या पोटाशी एक-दोन लहान कॅमेरे आणि उंची मोजणारा इन्फ्रारेड किंवा ध्वनिलहरींचा सेन्सर असतो. खालचे कॅमेरे जमिनीवरील दगड, गवत, फरशीच्या रेघा असा स्थिर पोत पाहतात आणि तो पोत सरकला की आपण सरकलो असे समजून ड्रोन स्वतःला सावरतो. पाण्यावर हा हिशेब उलटा होतो. लाटा सरकत असतात, म्हणून एका जागी उभा असलेला ड्रोन आपणच सरकतो आहोत असे समजून लाटांबरोबर वाहवत जाऊ शकतो. पाणी आरशासारखे शांत असेल तर त्यात आभाळ दिसते आणि कॅमेऱ्याला पकडायला काहीच सापडत नाही. उंचीच्या सेन्सरची किरणे काही वेळा पृष्ठभागावरून भलत्या दिशेने परावर्तित होतात, तर नितळ उथळ पाण्यात खालच्या तळापर्यंत जातात. परिणाम असा की पाण्यापासून दोन-तीन मीटरवर ड्रोन आपली उंची चुकीची मोजून हळूहळू खाली सरकू शकतो, आणि उडवणाऱ्याचे लक्ष पडद्यावरील चित्राकडे असेल तर ते लवकर कळतही नाही.

यावरचा उपाय साधा आहे. खालचे कॅमेरे साधारणपणे जमिनीपासून 10 मीटरच्या आतच प्रभावी असतात. त्याहून वर ड्रोन मुख्यतः उपग्रहांवर आणि हवेच्या दाबावर विसंबतो. म्हणून पाण्यावर किमान 10 मीटर उंची ठेवावी आणि सवय होईपर्यंत 15 ते 20 मीटरच्या खाली येऊच नये. पाण्याला जवळजवळ टेकून जाणारी दृश्ये आकर्षक दिसतात हे खरे, पण तेवढ्या खाली पंख्यांचा झोत पाण्याचे तुषार उडवतो आणि ते मोटारींत व कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या गिम्बलमध्ये जातात. सर्वसाधारण कॅमेरा ड्रोन जलरोधक नसतात. तसे दृश्य घ्यायचेच असेल तर खालच्या सेन्सरांचे वर्तन आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वाचून घ्यावे, वारा पडलेला असताना, काठाजवळ आणि सतत पुढे सरकत राहून ते घ्यावे, व उजवा-डावा कोणताही हात स्टिकवरून काढू नये.

उंचीबाबत आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाण केलेल्या जागेपासून मोजलेली असते. खाली पाणी किती अंतरावर आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. पाण्यापेक्षा 40 मीटर उंच टेकाडावरून ड्रोन उडवला तर पडद्यावर शून्य दिसत असताना तो पाण्यापासून 40 मीटरवर असतो. याच्या उलट, पाण्याच्या कडेवरून उडवून समोरच्या डोंगराकडे गेल्यास पडद्यावर 50 मीटर दिसत असले तरी समोर कडा उभा असतो. हवेचा दाब बदलला तर लांबलेल्या उड्डाणात हा आकडा एक-दोन मीटरने सरकूही शकतो, म्हणून पाण्यावर पडद्यावरील 3 मीटर म्हणजे खरोखरचे 3 मीटर असे धरू नये. नजरेचाही येथे उपयोग कमी होतो. पाण्यावर झाड, घर, कुंपण असे काहीच नसल्याने ड्रोन किती दूर आणि किती उंच आहे याचा अंदाज दांडगा अनुभव असलेल्या माणसाचाही चुकतो. सोबतीला एक जण घ्यावा, त्याने पडद्याकडे न पाहता केवळ ड्रोनवर नजर ठेवावी, आणि ड्रोन डोळ्यांना दिसेनासा होण्याच्या बराच आधी परत वळवावा.

परतीची जागा

उड्डाणापूर्वी पुरेसे उपग्रह मिळून होम पॉइंट, म्हणजे ड्रोन आपोआप जेथे परत येतो तो बिंदू, नोंदला गेल्याचा संदेश येईपर्यंत थांबावे आणि तो बिंदू नकाशावर खरोखर काठावरच दिसतो आहे का हे डोळ्यांनी पाहावे. घाईत उडवल्यास होम पॉइंट मागाहून, ड्रोन पाण्यावर गेल्यानंतर नोंदला जाऊ शकतो, आणि मग सिग्नल तुटल्यावर ड्रोन आज्ञाधारकपणे त्याच ठिकाणी, म्हणजे पाण्यात, उतरायला येतो. चिखलात किंवा सैल मातीत उतरावे लागू नये म्हणून घडीची चटई सोबत ठेवावी. लोखंडी कठडे, पुलाचे काँक्रीट, धरणाचे दरवाजे यांच्याजवळ ड्रोनचा कंपास (होकायंत्र) बिघडतो. अहिल्यादेवी होळकर पुलासारख्या जागेवरून उडवणे किंवा तेथे कंपास कॅलिब्रेट करणे टाळावे. ॲपने कंपासची सूचना दिली तर आधी लोखंडापासून दूर जावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सूचना जाते.

परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाड, मनोरा किंवा टेकडीपेक्षा जास्त ठेवावी. सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करावे यासाठी ॲपमध्ये सहसा तीन पर्याय असतात : परत येणे, जागेवर थांबणे आणि तेथेच उतरणे. काठावरून उडवताना पहिला पर्याय ठेवावा. तिसरा पाण्यावर कधीही ठेवू नये.

बोटीवरून उडवायचे असेल तर हे सगळे बदलते. बोट सरकते पण होम पॉइंट जागचा हलत नाही, त्यामुळे आपोआप परतणारा ड्रोन बोट जिथे होती तिथे जाऊन रिकाम्या पाण्यावर उतरू लागतो. अशा वेळी सिग्नल तुटल्यास जागेवर थांबण्याचा पर्याय बरा पडतो, कारण बोट जवळ नेऊन संपर्क पुन्हा जोडायला थोडा अवधी मिळतो. ॲपमध्ये होम पॉइंट रिमोटच्या सध्याच्या जागी आणण्याची सोय असते, ती उड्डाणादरम्यान अधूनमधून वापरावी. हलत्या बोटीवर उतरवणे, आणि त्याहून जास्त हाताने पकडणे, हे काम सरावाचे आहे. फिरती पाती बोटे कापतात. नवख्या माणसाने बोट किनाऱ्याला लावून जमिनीवरूनच उड्डाण करावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

वारा आणि बॅटरी

काठावर झाडांच्या आडोशाला उभे असताना वारा जाणवत नाही, पण जलाशयाच्या मध्यावर त्याला अडवणारे काही नसते आणि 50 मीटर उंचीवर तो खालच्यापेक्षा बराच जास्त असतो. लहान ड्रोनची वारा सोसण्याची मर्यादा अनेक मॉडेलांत सेकंदाला सुमारे 10.7 मीटर, म्हणजे ताशी 38 किलोमीटरच्या आसपास दिलेली असते. तो आकडा ड्रोन कोठपर्यंत तग धरतो हे सांगतो, त्या वाऱ्यात मुद्दाम उडवावा असा त्याचा अर्थ नाही. मोजयंत्र नसले तरी पाणीच वारा दाखवते. पृष्ठभागावर नुसत्या बारीक सुरकुत्या असतील तर हरकत नाही. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला तर लहान ड्रोनने काठाजवळच राहावे, आणि सगळीकडे फेस दिसत असेल तर पेटी उघडूच नये.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, हा क्रम पाळावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा साधारणपणे पश्चिमेकडून येतो आणि गंगापूरचा फुगवटा धरणापासून पश्चिमेलाच पसरलेला आहे, त्यामुळे पूर्वेच्या काठावरून निघणाऱ्याला हा क्रम सहज साधतो; पश्चिमेच्या काठावरून निघणाऱ्याला मात्र जाताना मजेत जाणारा ड्रोन येताना जागच्या जागी अडकलेला दिसतो. तसे झाल्यास घाबरून उंची वाढवू नये. उलट 15 मीटरच्या आसपास खाली यावे, कारण तेथे वारा कमी असतो, आणि स्पोर्ट मोड लावावा. स्पोर्ट मोडमध्ये अडथळे ओळखणारे सेन्सर बंद असतात हे लक्षात ठेवून सरळ मोकळ्या पाण्यावरूनच यावे, आणि ज्या काठाला वारा नेतो आहे तोच जवळ असेल तर सरळ तिकडे उतरून ड्रोन आणायला गाडीने जावे.

जमिनीवर 25 टक्क्यांवर परतणाऱ्याने पाण्यावर 50 टक्क्यांवर वळावे आणि 30 टक्के उरलेले असताना ड्रोन काठावर असावा. बॅटरी अगदी तळाला गेली की बहुतेक ड्रोन असेल तेथे आपोआप उतरू लागतात; अनेक मॉडेलांत अशा वेळी वर नेणारी स्टिक पूर्ण दाबून ठेवल्यास उतरणे रोखले जाते आणि दुसऱ्या स्टिकने ड्रोन काठाकडे आणता येतो. थंडीचा मुद्दा नाशिक जिल्ह्यात विशेष आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि नेमके याच दिवसांत पहाटेच्या धुक्यातले पाणी टिपायला लोक बाहेर पडतात. साधारण 15 अंशांखाली लिथियम बॅटरीचा विद्युतदाब भराभर उतरतो आणि पडद्यावरील टक्केवारी एकदम घसरते. बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात आणि उडवल्यावर मिनिटभर काठावरच तरंगत ठेवून मग पुढे न्यावा. धुक्यात मात्र उडवू नये : ड्रोन दिसत नाही, आणि थेंब मोटारींवर साचतात. सोमेश्वरच्या धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात उडणारे तुषार हेच करतात.

घारी, मांजा आणि तारा

जलाशयांवर घारी कायम घिरट्या घालत असतात आणि घरट्याच्या दिवसांत त्या ड्रोनवर झेप घेतात. घार वरून झडप घालते, म्हणून ती जवळ येताना दिसली की ड्रोन झपाट्याने वर न्यावा आणि मग शांतपणे काठाकडे आणावा. तिच्याशी खेळ करू नये. जानेवारीत नाशिक आणि येवल्याच्या आभाळात पतंग असतात. बंदी असूनही नायलॉन मांजा सुटलेला आढळतो आणि तो पंख्यात अडकला की मोटार तत्काळ थांबते. संक्रांतीच्या आसपासचे आठ-दहा दिवस वस्तीजवळच्या नदीवर ड्रोन न नेणेच बरे.

नदी ओलांडणाऱ्या विजेच्या तारा अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरना बहुधा दिसत नाहीत. दोन्ही काठांवरचे खांब आधी शोधावेत म्हणजे मधली तार कोठे असेल ते कळते. मच्छीमार भेटले तर त्यांना तारांविषयी आणि दुपारी वारा कोणत्या वेळी सुटतो याविषयी जरूर विचारावे. त्यांची माहिती हवामानाच्या ॲपपेक्षा त्या जागेपुरती जास्त नेमकी असते.

पावसाळ्यात गंगापूरचा विसर्ग वाढला आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर आले हे पाहायला पुलांवर गर्दी झाली, की तेथे ड्रोन काढू नये. खाली माणसे असतात, बचावपथके काम करत असतात, आणि पाणी कोणत्याही क्षणी वाढते.

चित्रणाबद्दल थोडेसे

पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चमक कमी करून आतला रंग दाखवतो, पण ड्रोन वळला की सूर्याशी कोन बदलतो आणि परिणामही बदलतो; म्हणून एका दृश्यात एकच दिशा ठेवावी. सेकंदाला 25 चौकटी घेत असाल तर शटर 1/50 च्या आसपास राहावे यासाठी उन्हात प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. कोणताही फिल्टर ड्रोन सुरू करण्यापूर्वी बसवावा. बोटीचा आपोआप पाठलाग करणारी सुविधा पाण्यावर वापरू नये, कारण ड्रोनचे लक्ष बोटीवर असते आणि वाटेतील तार किंवा झाडाची फांदी कोणीच पाहत नाही.

ड्रोन पाण्यात पडलाच तर

ॲपमधील शेवटचे ठिकाण लगेच स्क्रीनशॉट घेऊन जपावे आणि काठावरील दोन ठळक खुणांच्या रेषेत ती जागा लक्षात ठेवावी. त्यामागे पाण्यात उडी घालू नये. धरणाचा तळ एकदम खोल होतो, गाळात पाय रुततात, आणि गोदावरीत पाणवेलींचे जाळे असते. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही हा धोका पत्करण्याइतकी कोणत्याही ड्रोनची किंमत नसते. स्थानिक नावाडी किंवा मच्छीमारांची मदत घ्यावी, आणि धरणाच्या हद्दीत असल्यास तेथील कर्मचाऱ्यांना कळवावे.

ड्रोन हाती आल्यावर तो चालू होतो का हे पाहण्याचा मोह आवरून सर्वप्रथम बॅटरी काढावी, मग मेमरी कार्ड काढून वेगळे सुकवावे. गाळ असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ड्रोन हवेशीर सावलीत काही दिवस ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याने फारसे काही साधत नाही, उलट पिठाची धूळ आत जाते. त्यानंतरही तो दुरुस्ती केंद्रात तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पाण्यावर नेऊ नये. भिजलेली लिथियम बॅटरी वरून सुकलेली दिसली तरी आतून बिघडलेली असू शकते आणि चार्ज करताना पेट घेऊ शकते, म्हणून ती पुन्हा चार्ज न करता घराबाहेर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी.